सासऱ्यांच्या आयरिश गोष्टी: चौदा कॅसेट, एक वही आणि हातात तीन आठवडे

केतकी_बॉस्टन

नमस्कार मंडळी. सासरे गेले त्याला दहा दिवस झाले. जन्म साउथ बॉस्टनचा, पण आई-वडील दोघंही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमाराचे, १९२० च्या दशकात इकडे आलेले. घराण्याच्या हकिगती, भुतंखेतं, फिन मॅक कूल या दंतकथेतल्या आयरिश वीराचे पराक्रम, कुणाचं छप्पर कुठल्या वादळात उडालं, सगळं त्यांच्या तोंडी. आयरिशपणाच्या बाबतीत तडजोड नाही. मागे राहिलेला ऐवज असा:

– १० साध्या कॅसेट (८ नव्वद मिनिटांच्या, २ एकशेवीसच्या) आणि ४ मायक्रोकॅसेट. १९७९ ते १९९४. लेबलं अर्धवट.
– त्यांच्या वडिलांच्या हातची वही. जुनी आयरिश लिपी, अक्षरांवर टिंबं.
– सासऱ्यांनी आठवणीने काढलेली पाच पिढ्यांची वंशावळ. तारखा नाहीत.

तीन आठवड्यांनी 'मंथ्स माइंड' आहे, म्हणजे आयरिश कॅथलिकांची महिन्याची मिस्सा, आपल्या मासिक श्राद्धासारखी. नंतर हॉलमध्ये जेवण, साठेक माणसं. तिथे त्यांची एक गोष्ट व्हावी आणि पुढे सगळ्या गोष्टींची पुस्तिका निघावी असं घरच्यांनी ठरवलंय. काम सुनेकडे आलंय, कारण 'तू कॉम्प्युटरवाली'.

प्रश्न: कॅसेट घरी उतरवता येतील का? लिहिताना भाषा सुधारायची का? वंशावळ कुठे ताडून बघायची? आणि गोष्ट एक सांगते, कागद दुसरं, असं झालं तर छापायचं काय? नणंद म्हणते चुका दुरुस्त करा, नवरा म्हणतो एका शब्दाला हात लावायचा नाही.

फीतवाला

ताई, घरी होईल. फक्त 'वाजते का बघू' म्हणून कुठल्याही प्लेअरमध्ये कॅसेट घालू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या फितीचं पहिलं वाजणंच कधी कधी शेवटचं ठरतं. रेकॉर्डिंग चालू करूनच पहिल्यांदा वाजवायची.

सुरुवात कात्री-चिमट्याने. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग पुढच्या कडेला, जिथे फीत उघडी दिसते तिथे मधोमध बघा. पितळी पट्टीवर फेल्टचा बोटाच्या नखापेक्षा लहान तुकडा असतो, प्रेशर पॅड. त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. तो नसला की आवाज दबतो, येतो-जातो, आणि लोक 'फीत गेली' म्हणून फेकून देतात. रद्दीतल्या एखाद्या कॅसेटचं पॅड पट्टीसकट काढून बसवलं की काम होतं.

नव्वदवाल्या कॅसेट एकदा टोकापर्यंत पळवून परत गुंडाळून घ्या, थर एकसारखे बसतात. एकशेवीसवाल्या मात्र पळवू नका. साठ मिनिटांची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, नव्वदची १२, एकशेवीसची जेमतेम ९. ती ताणते आणि रोलरभोवती गुंडाळली जाते. या दोन सावकाश वाजवतच पुढे न्या, आणि सगळ्यात शेवटी घ्या, हात बसल्यावर.

यंत्र: चालू स्थितीतला जुना घरगुती डेक, ज्याला मागे लाइन-आउट (आवाज बाहेर द्यायचं भोक) आहे. 'कॅसेटची एमपीथ्री करा' म्हणून मिळणाऱ्या यूएसबीच्या डब्या घेऊ नका. मोटर डळमळते, माणूस रडल्यासारखा ऐकू येतो. जुन्या डेकचा रबरी पट्टा चिकट काळ्या लगद्यासारखा झालेला असतो, तो बदलूनच घ्या. हेड (फीत वाचणारा भाग) आणि धातूची फिरती दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, दर दोन-तीन कॅसेटनंतर. बोळा तपकिरी निघेल, ती सुटलेली फितीची पूड.

आता ॲझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी कोन. हे सगळे वगळतात आणि याच्यानेच निम्मा फरक पडतो. तुमच्या टेप ज्या यंत्रावर भरल्या त्याचं हेड जरा तिरकं असणार. तुमच्या डेकचं हेड त्याच कोनात आलं नाही तर 'स', 'श', 'च' मरतात, सगळं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक स्क्रू असतो. आवाज मोनो करून ऐकत तो अगदी थोडा-थोडा फिरवा, 'स' सगळ्यात धारदार होईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला नव्याने.

लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेस, तिथून कॉम्प्युटर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी. तुमच्या साध्या कॅसेट १६ तासांच्या, मायक्रो हळू वेगात भरल्या असतील तर आणखी ८, म्हणजे २५ जीबीत सगळं मावतं. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा हशा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. गोष्ट सांगणारी माणसं टेबलावर हात आपटतात, तिथे आवाज फाटतो आणि तो नंतर सांधता येत नाही. लेबलवर डॉल्बी (खरखर दाबायची सोय) लिहिलं नसेल तर ते बटण बंद.

मूळ फाइलवर खरखर काढायचा प्रयोग करायचा नाही. ती प्रत तशीच ठेवा, नावात कॅसेट क्रमांक आणि बाजू (०६_ब_मूळ). साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. मूळच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, नणंदेकडे ठेवली तरी चालेल.

जात्यावरची

भाषा सुधारायची का, याचं उत्तर: नाही. का ते सांगते.

तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाला आयरिशमध्ये शॅनखी म्हणतात. त्यांच्याकडे दोन पदव्या वेगळ्या आहेत. शॅनखी म्हणजे गावाचा, घराण्याचा, जागांचा, भुताखेतांचा जाणकार, छोट्या हकिगती सांगणारा. श्केली म्हणजे लांबलचक वीरकथा आणि अद्भुतकथा सांगणारा, ज्यांतली एकेक रात्रभर चाले. एकच माणूस दोन्ही असू शकतो. कॅसेटची यादी करताना ही विभागणी लिहून ठेवा, पुढे पुस्तिकेचे दोन भाग आपोआप पडतील.

आयर्लंडने हे काम सरकारी पातळीवर केलंय. डब्लिनला १९३५ साली आयरिश फोकलोअर कमिशन निघालं, १९७१ पर्यंत चाललं. त्यांचे संग्राहक एडिफोन नावाचं मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरणारं जड धूड घेऊन खेडोपाडी जात. रात्री गोष्ट भरायची, घरी येऊन शब्दन् शब्द उतरवायचा, मग मेण तासून तेच नळकांडं पुन्हा वापरायचं. पैसेच नव्हते. म्हणून लाखो पानं उरली आणि आवाज मात्र बहुतेक गेले. तुमच्याकडे उलटं आहे, आवाज आहे आणि पानं नाहीत.

त्या लोकांची उतरवायची शिस्त तशीच उचला. प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर: सांगणारा, वय, जागा, तारीख, आणि ही गोष्ट त्याने कुणाकडून ऐकली, केव्हा ऐकली, तेव्हा त्या माणसाचं वय काय. शेवटचे तीन रकाने सासूबाई, आत्या, काका यांना आजच विचारा. कॅसेट आणखी वर्षभर थांबेल, माणसं थांबतील असं नाही.

शब्द जसाच्या तसा म्हणजे काय, याचा एक नमुना. कॉनेमाराकडच्या इंग्रजीत 'आय ॲम आफ्टर टेलिंग यू' म्हणजे 'आत्ताच तर सांगितलं तुला'. आयरिश वाक्यरचना तशीच इंग्रजीत आलेली आहे. ऐकणारा अमेरिकन त्याचं 'आय वॉज गोइंग टू टेल यू' करून टाकतो आणि अर्थ उलटतो. 'हिमसेल्फ' आलं की ते घरातल्या कर्त्या पुरुषाबद्दल असतं, आपल्या 'हे' किंवा 'मालक'सारखं. आपोआप मजकूर करणारी सॉफ्टवेअर अशी वळणं गुळगुळीत करतात, अडखळणं आणि पुनरुक्ती गाळतात. पहिला खर्डा म्हणून वापरा, त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरा नमुना तुमच्या फार कामाचा. कॉनेमारात एकाच आडनावाची घरं इतकी की माणूस ओळखायला स्वतःचं नाव, बापाचं, आजोबाचं असं सलग घेतात. पीटरचा मुलगा शॉन, त्याचा मुलगा मार्टिन, तर तो 'मार्टीन ह्यान फ्यादर'. षष्ठीत 'शान'चा (म्हणजे शॉनचा) 'ह्यान' आणि 'प्यादर'चा (म्हणजे पीटरचा) 'फ्यादर' होतो. ऐकणारा 'फ्यादर'चा 'फादर' करून मोकळा होतो आणि अख्खी पिढी गायब. आपल्याला हे सोपं जायला हवं, नाव-वडिलांचं नाव ही आपलीच पद्धत. आणि आयरिशमधले रुंद 'त', 'द' आपल्यासारखे दंत्यच आहेत, जाडा 'ख' पण आहे. नावं आधी देवनागरीत टिपून घ्या, मग आयरिश स्पेलिंग शोधा. रोमनमध्ये अंदाजाने लिहिलंत तर नंतर तुम्हालाच वाचता येणार नाही.

आरंभ आणि शेवट कधीही कापू नका. 'फदो, फदो' म्हणजे 'फार फार वर्षांपूर्वी', आपलं 'आटपाट नगर होतं'. शेवटीही ठरलेलं वाक्य असतं, 'ही माझी गोष्ट, आणि यात काही खोटं असेल तर असो'. हे आपल्या 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'च्या जागी. वीरकथांमध्ये मध्येच एक वेगात म्हटलेला, जुन्या शब्दांनी ठासलेला परिच्छेद येतो, होडी समुद्रात ढकलण्याचा किंवा लढाईचा. तो वेगवेगळ्या गोष्टींत जवळपास तसाच येतो. ती विसरभोळेपणाची पुनरुक्ती नव्हे. सांगणारा तिथे श्वास घेतो आणि पुढचं जुळवतो.

वेळेचा अंदाज: तासाभराच्या आवाजाला हाताने पाच-सहा तास लागतात, आयरिश शब्द असतील तर जास्त. २४ तासांचं तीन आठवड्यांत होणं नाही. आधी फक्त सूची करा, दर दोन-तीन मिनिटांना एक ओळ: वेळ, विषय, कुणाचा आवाज. सगळी सूची आठवड्यात होते आणि मिस्सेसाठी गोष्ट निवडता येते.

दफ्तरी

वंशावळीचं मी घेतो. वरून खाली नका येऊ, खालून वर जा. बहुतेक लोक थेट आयर्लंडच्या साइटवर आडनाव टाकतात आणि त्याच नावाचे दोनशे लोक मिळाले की वैतागून सोडतात.

पहिलं, गाव अमेरिकेतच शोधा. 'गॉलवे' एवढ्या परगण्याच्या नावावर काही होत नाही. तुम्हाला टाउनलँड हवं, म्हणजे वाडी. आयर्लंडमध्ये अशी साठ हजारांवर आहेत आणि सगळी दफ्तरं त्यावरच बसवलेली आहेत. कुठे मिळेल: १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जात जन्मतारीख आणि जन्मगाव असतं. १९२० च्या दशकातल्या जहाजांच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो. सोशल सिक्युरिटीच्या मूळ अर्जात (१९३६ पासून) आईचं माहेरचं आडनाव. मॅसॅच्युसेट्सच्या लग्नाच्या नोंदीत दोघांचे आई-बाप. आडनाव सापडलं नाही तर रूपं बदलून बघा. एकच घराणं कॉनीली, कनीली, कॉनली असं तीन कागदांत तीन तऱ्हांनी येतं, 'ओ' कधी लागतो कधी गळतो. 'एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या ठाण्यातल्या) कारकुनाने नाव बदललं' हे प्रत्येक घरात सांगतात, पण प्रवाशांच्या याद्या जहाज निघायच्या बंदरातच भरल्या जात. तिकडचा कारकून फक्त ताडून बघे.

वाडीचं नाव मिळालं की लॉगनम डॉट आयई (logainm.ie) या सरकारी साइटवर त्याचं आयरिश रूप, पॅरिश (चर्चची हद्द) आणि परगणा बघा. मग १९११ ची जनगणना, आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट. सासऱ्यांचे आई-वडील तिथे लहान मुलं म्हणून सापडायला हवेत. त्या फॉर्मवर लग्नाच्या बाईपुढे तीन आकडे आहेत: लग्नाला किती वर्षं, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत. 'आजीला बारा झाली, सात जगली' असली हकिगत कॅसेटवर असेल तर इथे समोरासमोर ताडता येते. भाषेचा रकानाही बघा. 'आयरिश' एवढंच लिहिलं असेल तर त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. काही घरांनी अख्खा फॉर्म आयरिशमध्ये भरलाय, त्यांची नावं सूचीत आयरिश स्पेलिंगने आहेत, म्हणून दोन्ही तऱ्हांनी शोधा.

जन्माच्या नोंदी (१०० वर्षांपूर्वीच्या), लग्नाच्या (७५) आणि मृत्यूच्या (५०) आयरिश जिनिऑलॉजी डॉट आयई वर फुकट, मूळ पानाच्या प्रतिमेसकट. नागरी नोंदणी सगळ्यांना लागू झाली १८६४ साली. त्याआधीचं हवं तर कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं, साधारण १८८० पर्यंतची, राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून ऑनलाइन ठेवली आहेत. लॅटिनमध्ये, शाई फिकट, आणि कॉनेमाराकडची बरीच रजिस्टरं उशिरा सुरू झालेली. त्याहून मागे ग्रिफिथची जमीन-मोजणी (१८४७ ते १८६४), पण तीत फक्त कुटुंबप्रमुख, जमीनमालक आणि जमिनीचं करासाठी ठरवलेलं मूल्य.

जन्मतारीख नोंदीत नंतरची आणि बाप्तिस्मा आधीचा असं सापडेल, दचकू नका. नोंद उशिरा केली की दंड होता, म्हणून बाप तारीख पुढे ढकलून सांगे. बाप्तिस्म्याची तारीख खरी धरा.

वयांचंही तसंच. १९०१ आणि १९११ मध्ये दहा वर्षांचं अंतर, पण म्हाताऱ्यांची वयं पंधरा-सोळाने वाढलेली दिसतात. कारण १९०८ चा पेन्शन कायदा, जानेवारी १९०९ पासून सत्तरीला पेन्शन. सत्तरीच्या कुणाकडेच जन्मनोंद नव्हती, कारण नोंदणी १८६४ ची. मग म्हाताऱ्यांना विचारत, ६ जानेवारी १८३९ ची मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? आठवली की वय सिद्ध. साहजिकच अख्ख्या आयर्लंडला ती रात्र आठवायला लागली. तुमच्या कॅसेटवरचं छप्पर उडालेलं वादळ हेच असेल तर ते ज्या म्हाताऱ्या माणसाने पाहिलं त्याचं वय १९०१ च्या कागदावर बघा, १९११ च्या नव्हे.

जुन्या जनगणना का मिळत नाहीत असं कुणी विचारेलच: १८२१ ते १८५१ च्या बहुतेक ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या आगीत गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्याला गेल्या. मध्ये मोठी खिंड आहे, आणि तिथे तुमच्या सासऱ्यांची आठवण हाच एकुलता एक कागद.

वंशावळीत प्रत्येक नावापुढे एक खूण करा: कागदावरून, तोंडी, किंवा अंदाज. आणि नणंदबाई बरोबर म्हणतात. कागदाने खोडलेली तारीख तशीच छापली तर पुढची पिढी तीच चूक साइटवर चढवते आणि ती शंभर झाडांवर पसरते.

फदो_फदो

दफ्तरींशी वंशावळीपुरता सहमत, गोष्टींपुरता अजिबात नाही.

'हे माझ्या आजोबांच्या बाबतीत घडलं' म्हणून सांगितलेल्या गोष्टींतल्या अर्ध्या शेजारच्या चार गावांत चार आजोबांच्या बाबतीत घडलेल्या सापडतील. ज्याला गोष्टच येत नाही तो पाहुणा, त्याला घरातून बाहेर काढतात, रात्रभर प्रेत खांद्यावर वागवावं लागतं, आणि सकाळी त्याच्याकडे सांगायला गोष्ट असते. सुईणीला परीलोकात बाळंतपणाला नेतात ती. किनाऱ्यावरची सीलबाई, जिचं कातडं नवरा लपवतो. कॉनीली घराण्याबद्दल तर ते सीलचे वंशज असं कॉनेमारात उघडच म्हणतात. यात 'दुरुस्त' काय करणार?

ताडायचंच तर गोष्टीशी गोष्ट ताडा. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडमधल्या सुमारे ५००० प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणल्या. तो शालेय संग्रह दूखस डॉट आयई (duchas.ie) वर हस्ताक्षरासकट वाचता येतो. परगणा, पॅरिश, शाळा असं उतरत जा. सासऱ्यांच्या घराण्याच्या वाडीजवळच्या शाळेत तीच गोष्ट दुसऱ्या तोंडून मिळण्याची शक्यता चांगली आहे. सांगणाऱ्याचं नाव आणि बऱ्याचदा वयही दिलेलं असतं, एखाद्या वेळी आडनाव ओळखीचं निघेल. आयरिश भागातल्या शाळांची पानं आयरिशमध्ये आहेत, सगळ्यांची छापील प्रत केलेली नाही, म्हणून शब्द टाकून शोधल्यावर काही आलं नाही तर पानं उलटून बघा.

छपाईचा तोडगा साधा आहे. डाव्या पानावर सासऱ्यांची गोष्ट, त्यांच्याच शब्दांत, तळटीप नाही. उजव्या पानावर लहान अक्षरात कॅसेट क्रमांक, मिनिट, कागद काय म्हणतो, शेजारगावची आवृत्ती कुठे वेगळी. नणंद आणि नवरा दोघंही आपापलं पान वाचतील. बिनटीपेचं उजवं पान कोरं राहिलं तर राहू द्या.

एक काळजी: जमिनीच्या हकिगती. अमक्याने बेदखल झालेल्याची जमीन बळकावली, तमका खबऱ्या होता, असलं कॅसेटवर असणारच. त्या घरांतली माणसं तिकडे अजून आहेत आणि त्यांना ते अजून झोंबतं. मूळ आवाज अख्खा ठेवा, पण पुस्तिकेत नाव गाळा आणि गाळलंय असं उजव्या पानावर लिहा. नाव बदलू नका, बदललेलं नाव कुणातरी तिसऱ्याचं निघतं.

जात्यावरची

वहीबद्दल राहिलं होतं. अक्षरावरचं टिंब म्हणजे आज त्या अक्षरापुढे 'एच' लिहितात ते. सातच्या आकड्यासारखी खूण म्हणजे 'अगस', आणि. त्या लिपीतला 'एस' आपल्याला 'आर' वाटतो आणि 'आर' हा 'एन' वाटतो, सुरुवातीला इथेच सगळे फसतात. शब्द आजच्या कोशात मिळाला नाही तर तो चूक नव्हे. प्रमाण स्पेलिंग १९४५ ते १९५८ च्या दरम्यान ठरलं, त्याआधी मुकी अक्षरं भरपूर होती. जुन्यासाठी डिनीनचा कोश (१९२७ ची मोठी आवृत्ती), नव्यासाठी ओ डोनलचा (१९७७). आधी ४०० डीपीआयवर रंगीत स्कॅन, कोरी पानं आणि मुखपृष्ठासकट. गंजलेली पिन असेल तर वही पूर्ण उघडून काचेवर दाबू नका.

कुर्डूची_भाजी

मिस्सेचं कुणीच बोललं नाही.

गोष्ट मिस्सेत ठेवू नका, जेवणाच्या वेळी ठेवा. मिस्सेत फार तर कम्युनियननंतर दोन शब्द बोलू देतात, तेही पाद्रीबाबांच्या मर्जीवर. आठवडाभर आधी पॅरिशच्या ऑफिसात विचारून घ्या.

कुठली गोष्ट: फिनची नको. वीरकथा रात्रीच्या, तेही नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मे येईपर्यंत, दिवसा सांगणं अशुभ मानत. साठ माणसांत एखादी कॉनेमाराची म्हातारी असली तर भर दुपारी फिन ऐकून नाक मुरडेल. घराण्याची किंवा जागेची छोटी हकिगत घ्या.

लांबी: पाच मिनिटं. इंग्रजीत वाचताना मिनिटाला साधारण १३० शब्द, म्हणजे ६५० शब्द. सुरुवातीची दीड मिनिटं त्यांचाच आवाज लावा आणि तिथून वाचणाऱ्याने पुढे उचलायचं. उलटं करू नका. आधी वाचन आणि मग आवाज असं केलंत तर आवाजानंतर कुणालाच काही ऐकायचं नसतं, जेवण गार होतं. आवाज लावायची प्रत वेगळी करा: ८० हर्ट्झच्या खालचं कापा, अमेरिकेतल्या विजेची ६० हर्ट्झची गुणगुण काढा, बस. खरखर पार घालवायला गेलात तर आवाज डब्यात पडल्यासारखा होतो.

ऐकणाऱ्यांच्या हातात त्या दीड मिनिटाचा मजकूर छापून द्या. हॉलमध्ये जुनी टेप मागच्या दोन टेबलांना कधीच समजत नाही.

आयरिश शब्दांचे उच्चार त्यांगलन डॉट आयई (teanglann.ie) वर तीन बोलींत ऐकायला मिळतात. 'सी'वालं बटण दाबा, ते कॉनॅक्टचं, म्हणजे तुमच्या बाजूचं. दक्षिणेच्या केरीकडचा उच्चार केलात तर ओळखणारे ओळखतील.

केतकी_बॉस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. नणंद आणि नवरा दोघांना डावं-उजवं पान पटलं, हे वर्षातलं पहिलंच एकमत. दोन अडचणी. सहा नंबरची कॅसेट वाजताना किंचाळते, शिट्टीसारखं, आणि मध्येच थांबते. आणि मायक्रोकॅसेटमध्ये सासरे चिमणीच्या आवाजात बोलतायत.

फीतवाला

चिमणीचं सोपं. मायक्रोचे दोन वेग, सेकंदाला २.४ आणि १.२ सेंटिमीटर. हळू भरलेली तुम्ही जलद वाजवताय. रेकॉर्डरच्या बाजूला सरकतं बटण असेल, ते १.२ वर न्या. बटण नसेल तर तशीच उतरवा, सॉफ्टवेअरमध्ये वेग नेमका निम्मा करा. 'सूर न बदलता' असा पर्याय असतो तो निवडू नका, सूरही निम्माच व्हायला हवा. आवाज इअरफोनच्या भोकातून घ्या, व्हॉल्यूम निम्म्यावर.

सहा नंबर ताबडतोब थांबवा. किंचाळते ती बहुतेक वेळा फीत नव्हे, डबी. आतले दोन गुळगुळीत कागदी पडदे चिकट झालेत किंवा चाकं घासतायत. जोर केलात तर फीत ताणेल. नवी कोरी, स्क्रूवाली कॅसेट आणा आणि आतली फीत काढून टाका. सासऱ्यांची डबी स्क्रूची असेल तर उघडा. चिकटवलेली असेल तर शिवणीत पातळ पातं घालून हळूहळू फिरवा, पातं आत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. टेबलावर पांढरा कागद अंथरा, सुती हातमोजे घाला. दोन्ही गुंडाळ्या एकदम, चपट्या, उलट्या न करता उचलून नव्या डबीत ठेवा, फीत पुढच्या दोन छोट्या रोलरवरून आणि पॅडच्या बाहेरून घ्या. उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण गुंडाळी हातातून सुटली की नव्वद मिनिटांच्या कॅसेटची सव्वाशे-दीडशे मीटर फीत जमिनीवर असते. झाकण लावून आधी पेन्सिलने दोन्ही चाकं फिरवून बघा, मग स्क्रू. पाच असतात, मधला राहिला तर पुन्हा किंचाळेल.